रक्तातलं निवडणं

माझी भाताची गिरण पोलादपूरच्या अलीकडे, हायवेला लागून होती. आता तिथे टायरचं दुकान आहे. शाळा मी चौथीपर्यंत शिकलो, तीही मास्तरांच्या मेहेरबानीनं. पण गिरणीतलं काम कधी दुसऱ्याच्या हाताला लागू दिलं नाही. पट्टा तुटो, जाळी फाटो, इंजिन अडो, मीच आडवा होऊन खाली शिरायचो. महाडहून मिस्त्री आणा असं कुणी म्हटलं की त्या माणसाचं भात मी त्या दिवशी सगळ्यात शेवटी काढायचो.

भात ओतायच्या तोंडाशी मी एक लोहचुंबक बांधला होता. जत्रेतल्या एका फुटक्या कर्ण्यातून काढलेला, चांगला वजनदार. लोकांच्या पोत्यांतून काय काय येतं! खिळे, तारेचे तुकडे, बैलाच्या खुरांना ठोकतात त्या पत्रीचे खिळे. ते आत गेलं की जाळीचा सत्यानाश. चुंबक ते ओढून धरायचा. संध्याकाळी मी त्याची दाढी करायचो, म्हणजे चिकटलेलं सगळं खरवडून काढायचो.

हे एवढं सांगतो, कारण पुढं मुंबईच्या डॉक्टरीणबाई जे बोलल्या ते मला त्या चुंबकामुळे कळलं. आणि कळूनही त्याचा उपयोग झाला नाही.

माझ्या बायकोला छातीत गाठ झाली होती. ऑपरेशन झालं, ती जहाल औषधं झाली, केस गेले, केस परत आले. दोन हजार साल उलटून गेलं होतं. आम्ही मानलं की सुटलो. मग तिची पाठ दुखायला लागली. आधी वाटलं, कोंड्याची पोती ओढल्यानं असेल. महाडच्या डॉक्टरनं फोटो काढला आणि तोंड बारीक करून मुंबईला जा म्हणाला. आजार मणक्यात गेला होता.

मुंबईतल्या त्या मोठ्या इस्पितळात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या. मुलगी महाडला शाळेत शिकवते, तीही आमच्याबरोबर होती. बाई इंग्रजीत तिच्याशी बोलायला लागल्या तसा मी म्हणालो, "मला सांगा. बायको माझी आहे."

मुलगी लाजली. "बाबा, त्या मला सांगतायत, मी नंतर..."

"नंतर नको. आता."

बाई रागावल्या नाहीत, हसल्या. कागदावर चित्र काढून त्यांनी सांगितलं ते असं. आजार परत येतो तेव्हा कधी कधी बदलून येतो. पहिल्या गाठीवर एक विशिष्ट खूण नव्हती. आता असेल तर त्या खुणेवरच बसणारं एक इंजेक्शन निघालंय. नसेल तर ते देऊन फायदा नाही, नुसता त्रास. पण हे बघायला आजाराचा तुकडा पाहिजे, आणि मणक्यातला तुकडा काढणं जोखमीचं. काढला तरी हाडातून खूण नीट कळत नाही. तर एक नवीन रीत आहे, अजून शोधकामच चाललंय. आजाराच्या थोड्या पेशी सुटून रक्तात फिरत असतात. लाखो-करोडो चांगल्या पेशींत एखाददुसरी. हातातून घ्यायचं थोडं रक्त, त्यात सोडायचे अगदी बारीक लोखंडाचे कण. त्या कणांना असं काही लावलेलं असतं की ते फक्त आजाराच्या पेशीला जाऊन चिकटतात.

"आणि मग चुंबक," मी म्हणालो.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हो. तुम्हाला कसं माहीत?"

मी गिरणीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगदी तसंच, काका." मला फार बरं वाटलं. मी बायकोकडे बघितलं, पण ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. तिची पाठ ठणकत होती आणि आम्ही चुंबकाच्या गप्पा मारत होतो.

रक्त दिलं. काही दिवसांनी परत बोलावलं. बाईंच्या तोंडावर हसू नव्हतं, दुःखही नव्हतं. "काही सापडलं नाही," त्या म्हणाल्या. "पण याचा अर्थ काही नाहीच असा धरू नका. पेशी त्या नळीत आल्या नसतील. थोडे दिवस जाऊ देत, परत घेऊ. तोवर ज्या गोळ्या चालू आहेत त्या बंद करायच्या नाहीत."

माझ्या डोक्यात ते लगेच बसलं. एका घमेल्यात खिळा निघाला नाही म्हणून पोत्यात नाही, असं कोण म्हणेल? पण माझ्या बायकोनं बाईंचं पहिलं वाक्य ऐकलं, आणि तिथंच हात जोडले. कुणाला जोडले ते मला गावात आल्यावर कळलं.

आमच्या वाडीच्या वर गावदेवी आहे. बायकोनं निकालाला मुंबईला जायच्या आधीच मला न सांगता तिला बोलून ठेवलं होतं. रक्तात काही निघालं नाही तर साडी-चोळी, ओटी, आणि सवाष्णींना जेवण. मुंबईहून आलो त्याच आठवड्यात तिनं नवस फेडायला घेतला.

"अगो, बाईंनी परत बोलावलंय," मी म्हणालो. "आजार गेला असं कोण म्हणालं?"

"बाईच म्हणाल्या. काय नाय सापडलं म्हणाल्या. तुम्ही काय भैरं होतात काय?"

"सापडलं नाय म्हणजे नाय असं नसतं."

"मग कसं असतं?" ती चुलीपाशी तांदूळ निवडत होती. "मी इतकी वर्षं निवडतेय. खडा नाय गावला तर मी भात शिजत घालते. का तुमच्यासारखी सूप धरून म्हणत बसते, असंल कुठंतरी, असंल कुठंतरी?"

गिरणीवर मी माणसाला तासभर बोलून नमवलेलं आहे, तहसील कचेरीत साहेबासमोर खुर्ची ओढून बसलेलो आहे, पण सूप धरून बसलेल्या त्या बाईशी मला बोलता आलं नाही.

जेवण झालं. वाडीतल्या सगळ्या बायका आल्या, पाचाडहून तिची बहीण आली. पुरण तिनंच वाटलं. मी म्हणालो दुसऱ्या कुणाला तरी दे, तर म्हणाली देवीचं काम दुसऱ्याच्या हातानं कसं करायचं. आणि त्या दिवसापासून गोळ्या बंद. देवीनं बरं केलं, मग गोळ्या कशाला? गोळी खाल्ली तर देवीवर भरवसा नाही असं होईल.

मुलगी शनिवारी महाडहून यायची आणि भांडायची.

"आई, हा वेडेपणा आहे. तू शिकली नाहीस हे ठीक, पण ऐकून तरी घे."

"तू शिकलीस ना? मग तुझ्या पोरांना शिकव. मला नको."

"बाबा, तुम्ही सांगा ना काहीतरी!"

मी काय सांगणार? मला जे सांगायचं होतं ते मी सांगून झालं होतं. दोनदा आवाज चढवला, एकदा ताट सरकवून उठलो. तिनं ते ताट झाकून ठेवलं आणि दुपारी परत वाढलं.

खरी पंचाईत वेगळीच होती. वाडीत ती आता देवीनं बरी केलेली बाई झाली होती. लोक बघायला यायचे. पलीकडच्या वाडीतून एक आजारी बाई तिच्या सासूनं मुद्दाम आणली, हिला दाखवायला. "बघ गो, कशी उभी केलीय देवीनं. मुंबईच्या डॉक्टरांना पण काय नाय गावलं." आणि माझी बायको ताठ उभी राहून त्यांना चहा द्यायची. त्या गेल्या की दाराची चौकट धरायची. दाताखाली ओठ. मी बघतोय असं दिसलं की म्हणायची, "काय बघताय? गिरण बंद हाय काय आज?"

घर सारवायचं तर तिनंच. हंडा आणायचा तर तिनंच. आधी आजारी होती तेव्हा ती पाठ दुखते म्हणून सांगायची तरी. मी तेल चोळून द्यायचो. आता तेवढंही राहिलं नाही. दुखतंय म्हणायची सोयच उरली नव्हती तिला. आणि मला, घरात बसून ते बघण्यापलीकडे काही नव्हतं. माणूस पडला तर उचलता येतो. पडलोच नाही असं म्हणतो त्याला कसं उचलणार?

दिवाळी गेली. मुंबईहून बाईंनी मुलीच्या शाळेत फोन केला, रक्त द्यायला कधी येताय म्हणून. मुलगी सुट्टी टाकून आली आणि आईच्या पायाशी बसून रडली. आवाज न करता. तेव्हा कुठे बायको म्हणाली, "बरं. देवीला विचारा. तिनं जा म्हटलं तर येते."

आमच्याकडे देवीला विचारायची रीत आहे, कौल लावायची. गुरव देवीच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतो आणि प्रश्न घालतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. विहीर कुठे खणायची, मुलगी कुठे द्यायची, सगळं असंच विचारतात. मी या भानगडीत कधी पडलो नव्हतो. गिरण कुठे घालायची ते मी मलाच विचारून ठरवलं.

पण आता गरज माझी होती. कौलाच्या आदल्या दिवशी मी गुरवाकडे गेलो. माझ्याच वयाचा माणूस, लहानपणी आम्ही सावित्रीत एकत्र पोहलेलो. तो अंगणात फुलं वेचत होता.

मी म्हणालो, "उद्या उजवा पाड."

त्यानं मान वर केली नाही. "तू गिरणीत माप मारतोस काय?"

"नाय."

"कधी मारलंस?"

"कधीच नाय."

"मग मला कशाला शिकवतोस?"

"अरे, ती मरंल," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाकडे असं मागितलं असेल. माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

तो उठला, हात झटकले. म्हणाला, "कळी मी लावतो. पाडते ती. सैल लावू, घट्ट लावू, कुठली आधी पडंल ते माझ्या हातात असतं तर मी गुरव कशाला राहिलो असतो? मंत्री नसतो झालो?" मग जरा थांबून म्हणाला, "पण प्रश्न माझा असतो. जा घरी."

त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. पाय ओढत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात सगळी वाडी. बायकोला मांडी घालून बसता येत नव्हतं, ती खांबाला टेकली, पण टेकलेलं दिसू नये म्हणून पदर पसरून. मुलगी तिच्या मागे. मी दाराशी उभा. गुरवानं कळ्या लावल्या, पाणी शिंपडलं, आणि मोठ्यानं विचारलं, "बाय माझे, ही तुझी लेक पुन्हा रक्त द्यायला मुंबईस जाऊ काय म्हणून विचारते. जायचं असंल तर उजवा दे. नको असंल तर डावा दे."

आम्ही बघत राहिलो. फार वेळ लागला नाही. डावी कळी सुटली आणि खाली आली.

बायकांत कुजबुज झाली. कुणीतरी "झालं" म्हणालं. बायकोनं डोळे मिटले आणि कपाळ जमिनीला टेकवायला वाकली, पण मधेच अडकली. वाकता येईना, उठता येईना. मुलीनं धरलं. मी दाराच्या चौकटीला हात लावला आणि तिथेच उभा राहिलो. वाटलं, आत जाऊन ती कळी उचलून चिकटवावी, देवीशीच भांडावं.

लोक उठायला लागले. गुरव म्हणाला, "बसा. अजून झालं नाय."

त्यानं परत कळ्या लावल्या. जरा घसा साफ केला. "बाय माझे, जाऊ नको म्हणतेस. मान्य. तुझ्या लेकीनं नवस फेडला, गोळ्या टाकल्या, सगळं तुझ्या नावावर ठेवलं. मग हिच्या जिवाची हमी तू घेतेस काय? घेत असशील तर उजवा दे. आमचं काय म्हणणं नाय."

बाहेर कावळे ओरडत होते. घाट चढणारा एखादा ट्रक कण्हल्यासारखा ऐकू यायचा आणि थांबायचा. कळ्या तशाच. पोरं कंटाळून बाहेर पळाली. गुरवानं एकदा पुन्हा पाणी शिंपडलं, प्रश्न पुन्हा घातला, तेच शब्द. कळ्यांच्या कडा सुकून काळ्या पडायला लागल्या. उजवी नाही, डावी नाही.

शेवटी गुरवानं हात जोडले आणि माझ्या बायकोकडे वळला. "बाय, देवी हमी घेत नाय. तू तिच्यावर टाकू नकोस."

मला वाटलं ती भांडेल. ती तशी भांडकुदळ होती, माझ्या तोडीस तोड. पण ती त्या सुकलेल्या कळ्यांकडे बघत म्हणाली, "तिला जड होत असंल तर मी कशाला टाकू?" आणि मुलीच्या खांद्यावर भार देऊन उठली. उठताना तोंडातून "आई गं" निघालं. सगळ्या वाडीनं ते ऐकलं.

मुंबईला गेलो. रक्त दिलं. यावेळी बाईंनी दंडातून घेताना मला जवळ उभं राहू दिलं. नळीतलं रक्त बघून मी विचारलं, "यात येतील काय?" त्या म्हणाल्या, "आल्या तर बरं." मग त्यांनाच ते बोलणं विचित्र वाटलं असेल, त्या नळीवर चिठ्ठी चिकटवायला लागल्या. मलाही वाटलं. आजार रक्तात निघावा म्हणून मी मनात देवाला हाक मारत होतो.

निकालाला परत गेलो तेव्हा बाईंनी आम्हाला खुर्च्या दिल्या. पेशी सापडल्या होत्या. थोड्याच, पण सापडल्या. चुंबकानं धरल्या होत्या.

"आणि खूण?" मी विचारलं.

बाईंनी मान हलवली. नव्हती.

मुलगी म्हणाली, "परत बघता येणार नाही का? एकदा नीट..."

"बघितलंय. दोनदा बघितलंय." बाई हळू बोलत होत्या. "ते इंजेक्शन यांना लागू पडणार नाही. दुसरी औषधं आहेत, ती आपण देऊ. दुखणं कमी करता येईल. पण मी तुम्हाला खोटं सांगणार नाही."

मी म्हणालो, "मग एवढं कशाला निवडलं?"

माझा आवाज चढला होता. बाहेरच्या बाकावरचे लोक बघायला लागले. बाई म्हणाल्या, "काका, निदान जे चालणार नाही ते तरी त्यांच्या अंगात जाणार नाही." हे खरं होतं. खरं आहे हे मला कळत होतं, आणि म्हणून मला त्यांच्यावर रागावताही येईना. माझ्या हातात टोपी होती, ती मी पिळत होतो. गिरणीत काही बिघडलं की मी बिघडलेला भाग हातात घेऊन उजेडाकडे धरतो. इथे काय हातात घेऊ?

बायकोनं बाईंना विचारलं, "सापडल्या ना पण?"

"हो, काकू. सापडल्या."

"म्हणजे हाय माझ्यात."

"आहे."

तिनं मोठा श्वास सोडला. तसा श्वास मी तिचा कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. मुलगी तिच्याकडे बघून आणखी रडायला लागली. मला समजायला वेळ लागला. बायको इतके दिवस अख्ख्या वाडीसमोर बरी राहत होती, आणि आता कुणीतरी तिला त्यातून मोकळं केलं होतं.

परतताना एसटीत गर्दी होती. मुलगी महाडला उतरली. तिथेच आमच्या वाडीतली एक बाई चढली, नवसाच्या जेवणाला आलेली. बसायच्या आधीच मोठ्यानं विचारलं, "काय गो, काय म्हणाले डॉक्टर? नायच ना काय?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. काहीतरी झाकून सांगावं असं मनात होतं. बायकोच बोलली.

"सापडलं गो. मणक्यात हाय नि रक्तात पण हाय. पाठ लय दुखते माझी. बसवत नाय."

ती बाई गांगरली. "अगो बाय..." म्हणून समोरच्या सीटवर बसली आणि आमच्याकडे पाठ केली.

बायको माझ्याकडे वळली. "अवो, जरा सरका." मी खिडकीशी सरकलो. तिनं पाय सीटवर घेतले आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. दिवसाढवळ्या, भरल्या गाडीत. लग्न झाल्यापासून चारचौघांत तिनं माझ्या हाताला हात लावला नव्हता आणि मीही लावू दिला नसता. कंडक्टर तिकिटं बघत आला, आमच्यापाशी थांबला आणि पुढे गेला. कुणी काही बोललं असतं तर मी त्याला गाडीतून खाली उतरवला असता. कुणी बोललं नाही.

गाडी महाड सोडून पोलादपूरच्या रस्त्याला लागली. खड्ड्यात आदळली की ती कण्हायची. लपवत नव्हती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. कुठे ठेवायचा ते मला माहीत नव्हतं.

"इथं?"

"खाली."

"इथं?"

"अजून खाली. तिथं नाय. मधे."

मी हात हलवत राहिलो.